५० डॉलरचं कार्ड आणि घरातले दोन पासपोर्ट

पत्र: माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्यांची केमो चालू आहे. मळमळ थांबत नाही, अन्नाचा वाससुद्धा नकोसा होतो आणि आता हातापायांत मुंग्या आणि आग होते. त्यांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्या अर्धवेळ पगारावर चाललंय. कुणीतरी मेडिकल मारिजुआना कार्ड, म्हणजे औषध म्हणून गांजा घेण्याचं राज्याचं कार्ड, सुचवलं. इंटरनेटवर कुठे १४९ डॉलर दिसतात, कुठे १९९. खरं आणि स्वस्त काय? यांना दुकानापर्यंत जाणं अवघड होतं, तर मी केअरगिव्हर म्हणून नाव नोंदवून औषध आणू का? ते अमेरिकन नागरिक आहेत. मी ग्रीन कार्डवर आहे आणि पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे. मुलगा २३ वर्षांचा, इथेच जन्मलेला, जवळच राहतो. डिसेंबरात पुण्याला जायचं ठरतंय, तेव्हा औषध सोबत नेता येईल का?
एक वाचक, एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया

ताई,

तुम्ही पैशांचं आधी विचारलंत, पण तुमच्या केअरगिव्हरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती कुठल्याही फीपेक्षा महागात पडेल. केअरगिव्हर म्हणून तुम्ही नाव नोंदवू नका. दुकानातून औषध तुम्ही आणू नका आणि स्वतः चवही घेऊन बघू नका.

पेनसिल्व्हेनियाने २०१६ च्या १६ क्रमांकाच्या कायद्याने गांजाला औषध म्हणून परवानगी दिली, पण ती राज्याची परवानगी. इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्यावर, आणि तिथे गांजा हा नियंत्रित पदार्थ आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवेने धोरण स्पष्ट केलं: राज्यात कायदेशीर असलं, तरी गांजा जवळ बाळगणं किंवा त्याच्या वाटपात हात असणं हे केंद्रीय कायद्याचं उल्लंघनच, आणि त्यामुळे नागरिकत्वासाठी लागणारं 'चांगलं नैतिक चारित्र्य' अमान्य होऊ शकतं. हे चारित्र्य अर्जाआधीच्या ५ वर्षांचं पाहतात, नागरिक जोडीदाराच्या आधारावर अर्ज केला तर ३ वर्षांचं. तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज करणार, म्हणजे आत्ताचा काळ नेमका त्या मुदतीत येतो. शिवाय नागरिकत्वाच्या अर्जात, म्हणजे एन-४०० मध्ये, तुम्ही कधी नियंत्रित पदार्थ तयार केला, वाटला, दिला किंवा विकला का, असा थेट प्रश्न असतो आणि उत्तर शपथेवर द्यायचं असतं. केअरगिव्हरचं कामच मुळी औषध आणून दुसऱ्याच्या हाती देणं हे आहे.

विमानतळावरचा धोका वेगळा आहे. गांजाच्या बाबतीत प्रवेश नाकारायला कोर्टात गुन्हा सिद्ध झालेला असावाच लागतो असं नाही. माणसाने स्वतः तपशिलाने कबूल केलं, तरी तेवढं पुरतं. हा नियम ग्रीन कार्डवाल्यांनाही परदेशातून परतताना लागू शकतो. फोनमधले फोटो, दुकानाचे मेसेज, 'आज यांचं तेल घेऊन आले' असा व्हॉट्सॲप, हे सगळं सीमेवरचा अधिकारी पाहू शकतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: असं काही घडलं असेल तर ते लपवण्यासाठी खोटं बोलू नका. शपथेवरचं खोटं हे स्वतंत्र आणि अधिक घातक कारण ठरतं. आजपर्यंत तुमच्या हातून काही झालं असेल, तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. त्या एका भेटीची फी वाचवू नका.

गांजाचं वर्गीकरण बदलणार म्हणून बेफिकीर राहू नका. मे २०२४ मध्ये केंद्राने तो नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टातून तिसऱ्यात हलवण्याचा प्रस्ताव मांडला. पण तिसऱ्या परिशिष्टातला पदार्थसुद्धा नियंत्रित पदार्थच असतो, आणि इमिग्रेशन कायद्याला तेवढंच पुरतं.

तुमचे यजमान नागरिक आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना लागू नाही. त्यांचं कार्ड त्यांच्या नावावर निघेल, त्यात तुमचं नाव कुठेही येणार नाही.

आता पैसे. दोन वेगळे खर्च एकात मिसळले गेल्यामुळे जाहिरातींचे आकडे गोंधळात टाकतात. राज्याच्या कार्डाची फी ५० डॉलर, वर्षातून एकदा. ती राज्याच्या आरोग्य खात्यालाच द्यायची असते. कोणतीही खासगी कंपनी हे कार्ड विकत नाही. १४९ आणि १९९ हे डॉक्टरच्या तपासणीचे पैसे आहेत, आणि त्यावर ५० वेगळे. डॉक्टरने किती घ्यावेत यावर राज्याचं बंधन नाही. म्हणून खरी बचत डॉक्टरच्या फीमध्ये आहे.

इथे तुमच्याजवळ एक वाट आहे जी जाहिराती दाखवणार नाहीत. कार्डासाठी सर्टिफिकेशन, म्हणजे रुग्ण पात्र असल्याचा दाखला, देणाऱ्या डॉक्टरला ४ तासांचं प्रशिक्षण घेऊन राज्याकडे नोंदणी करावी लागते. तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, नोंदणीकृत नसतील, पण त्याच हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, विभागात किंवा वेदना क्लिनिकमध्ये कुणी असण्याची शक्यता बरीच असते. पुढच्या केमोच्या दिवशी नर्सला सरळ विचारा: इथे मेडिकल मारिजुआनासाठी नोंदणीकृत डॉक्टर कोण? नोंदणीकृतांची यादी राज्याच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवरही आहे, तीत जिल्हा निवडून शोधता येतं. मळमळ आणि न्यूरोपथी, म्हणजे नसांच्या त्रासाने होणाऱ्या मुंग्या आणि आग, यांसाठी पॅलिएटिव्ह डॉक्टरची भेट ही नेहमीच्या उपचाराचा भाग असते, त्यामुळे ती विम्यातून जाऊन तुमच्या खिशातून फक्त को-पे, म्हणजे रुग्णाचा ठरलेला हिस्सा, जाऊ शकतो. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या की सर्टिफिकेशनचे वेगळे पैसे घेता का. अशी भेट पहिल्यांदाच ठरवत असाल, तर मळमळीच्या उपचारासाठी आहे असं खरं तेच सांगा, कारण ते खरंच आहे.

बाहेरच्या डॉक्टरकडे जायचीच वेळ आली, तर तीन प्रश्न फोनवरच विचारा. सर्टिफिकेशन पूर्ण १ वर्षाचं देणार का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण डॉक्टर कमी मुदतीचंही देऊ शकतो, आणि ३ किंवा ६ महिन्यांचं दिलं की मुदत संपल्यावर पुन्हा त्याची फी भरावी लागते; स्वस्त दिसणारी फी दुप्पट होते ती इथे. दुसरा: फॉलोअपचे पैसे वेगळे का? तिसरा: पात्र नाही असं ठरलं, तर पैसे परत मिळतील का? आणि नूतनीकरणाची फी आपोआप कार्डावरून कापण्याची अट कुठे बारीक अक्षरात आहे का, हेही पाहा. या राज्यात डॉक्टरला 'मी सर्टिफिकेशन देतो' अशी जाहिरात करता येत नाही आणि दुकानात त्याचा आर्थिक हितसंबंध असू शकत नाही. दुकानानेच एखाद्या ठरावीक डॉक्टरकडे आग्रहाने पाठवलं, तर सावध व्हा.

५० डॉलरही वाचू शकतात. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), स्नॅप (अन्नासाठीची मदत), विक, चिप, पेस किंवा पेसनेट या सरकारी योजनांपैकी कशाचा लाभ रुग्णाला मिळत असेल, तर राज्य कार्डाची फी माफ करतं. पेस आणि पेसनेट ६५ च्या पुढच्यांसाठी आहेत, म्हणजे ते अजून तुमच्या उपयोगाचे नाहीत. पण नोकरी सुटल्यावर उत्पन्न उतरलं असेल, तर मेडिकेड आणि स्नॅपसाठी तुम्ही पात्र ठरता का हे आजच कंपास या राज्याच्या वेबसाइटवर तपासा. पेनसिल्व्हेनियात मेडिकेडला मेडिकल असिस्टन्स म्हणतात, त्या नावाने शोधा. कार्डासाठीच नव्हे, केमोच्या बिलांसाठीसुद्धा हे करायलाच हवं होतं. फी भरण्याआधी माफी तपासा.

नोंदणीचा क्रम असा. आधी यजमानांनी आरोग्य खात्याच्या रुग्ण नोंदणीत प्रोफाइल उघडायचं. त्यासाठी पेनडॉटचं, म्हणजे राज्याच्या परिवहन खात्याचं, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र लागतं. अडकणारे अर्ज बहुतेक इथेच अडकतात: नाव आणि पत्ता पेनडॉटच्या नोंदीशी अक्षरशः जुळावा लागतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून असतं, ते एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर असलं, तरी यंत्रणा जुळवत नाही. आडनावानंतर चुकून पडलेली मोकळी जागाही चालत नाही. घर बदललं असेल, तर आधी पेनडॉटकडे पत्ता बदलून घ्या, मगच प्रोफाइल उघडा. नोंदणी झाली की रुग्ण क्रमांक मिळतो, तो डॉक्टरला द्यायचा. कारण डॉक्टर सर्टिफिकेशन थेट राज्याच्या यंत्रणेत भरतो. त्याने कागदावर काही लिहून दिलं, तर त्याचा उपयोग नाही. डॉक्टरकडे जाताना बायॉप्सीचा अहवाल, केमोचा तपशील आणि चालू औषधांची पूर्ण यादी न्या. पात्र आजारांच्या यादीत कॅन्सर आहेच, न्यूरोपथीही आहे, म्हणून पात्रतेची काळजी करू नका. डॉक्टरने भरलं की पुन्हा लॉगिन करून फी भरायची, मग कार्ड पोस्टाने येतं. हे कार्ड हाती येईपर्यंत दुकानात काही मिळणार नाही.

दुकानाला इथे डिस्पेन्सरी म्हणतात. आपल्याकडच्या डिस्पेन्सरीसारखा तो दवाखाना नव्हे, परवाना असलेलं दुकान असतं. तिथे औषधतज्ज्ञ उपलब्ध असतो, पहिल्या वेळी त्याच्याशी बोलल्याशिवाय यजमानांनी काही घेऊ नये. दुकानापर्यंत जाणं अवघड आहे, म्हणालात. इथली दुकानं स्वतः घरपोच देत नाहीत, पण गाडीत बसून घेण्याची सोय, कर्बसाइड, आहे. फोनवर किंवा वेबसाइटवर ऑर्डर द्यायची, यजमानांनी गाडीतूनच कार्ड दाखवायचं, पिशवी त्यांच्या हातात येते. त्यांना घेऊन जाणारा मुलगा असेल तर सर्वांत चांगलं, कारण तुम्ही त्या व्यवहाराच्या जवळपास कुठेच असू नये.

ते घराबाहेरच पडू शकत नसतील, तरच केअरगिव्हर हवा, आणि तो मुलगा होऊ शकतो. वय किमान २१ हवं, पेनसिल्व्हेनियाचा रहिवासी हवा आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी करावी लागते, तिचा खर्च वेगळा. गेल्या ५ वर्षांत अमली पदार्थांचा गुन्हा सिद्ध झाला असेल, तर परवानगी नाकारली जाऊ शकते. यजमानांनी आपल्या प्रोफाइलमध्ये त्याचं नाव केअरगिव्हर म्हणून जोडायचं असतं, नुसती मुलाची नोंदणी पुरत नाही. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीचा किंवा सुरक्षा परवान्याचा विचार करत असेल, तर त्याने आधी तिथला सल्ला घ्यावा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे कदाचित कार्डाची गरजच उरणार नाही. ड्रोनॅबिनॉल नावाची गोळी आहे. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा मुख्य घटक, हाच तिचाही घटक, पण कारखान्यात तयार केलेला. केमोच्या मळमळीसाठी तिला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती नेहमीच्या फार्मसीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, जेनेरिक आहे आणि विमा तिचे पैसे देऊ शकतो. गांजाच्या दुकानातल्या कशालाच विमा लागू नाही. ही गोळी केंद्राच्या कायद्यातही वैध, त्यामुळे ती फार्मसीतून आणण्यात तुमच्या अर्जाला धोका नाही. विमा कंपनी बहुधा आधी ऑनडॅनसेट्रॉनसारखी मळमळीची नेहमीची औषधं देऊन पाहिल्याचा पुरावा मागेल आणि डॉक्टरला प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे विम्याच्या पूर्वमंजुरीचा अर्ज, भरावा लागेल. त्यासाठी कोणत्या गोळीने किती दिवस काय झालं याची टिपण वही ठेवा. एक सूचना: या कॅप्सूलमध्ये तिळाचं तेल असतं. तिळाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरला आधी सांगा.

हातापायांतल्या आगीसाठी केमोच्या न्यूरोपथीवर ड्युलोक्सेटिन हे औषध देण्याची शिफारस कॅन्सरतज्ज्ञ करतात. ते देऊन पाहिलं का, विचारा. या त्रासावर गांजाच्या उपयोगाचा पुरावा तितका भक्कम नाही, आणि हे मी गांजाच्या औषधी वापराच्या बाजूचा असूनही सांगतो.

तरीही कार्डच हवं असेल, तर वापराबद्दल थोडं. केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, आणि गांजाच्या फुलात बुरशीचे बीजाणू असू शकतात. निरोगी माणसाला जे काही करत नाहीत, ते अशा रुग्णाच्या फुफ्फुसात गंभीर संसर्ग करू शकतात. म्हणून यजमानांनी फूल आणि व्हेप (वाफ ओढायचं साधन) टाळावं, कॅप्सूल किंवा जिभेखाली घ्यायचं तेल घ्यावं. सुरुवात २.५ मिलिग्रॅम टीएचसीने, रात्री. पोटातून घेतलेलं चढायला तास-दोन तास लागतात, आणि चूक होते ती इथेच: अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. घाबरा होणं, छाती धडधडणं, उठताना तोल जाणं, हे होतं. वजन कमी झालेल्या माणसाला पडण्याची भीती वेगळीच. रक्त पातळ करणारं औषध, विशेषतः वॉरफरिन, चालू असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय काहीही नको.

दुकानात यजमानांनी भाव बाटलीवर पाहू नये, मिलिग्रॅमवर पाहावा. समजा एक तेल ४५ डॉलरचं, त्यात १५० मिलिग्रॅम. दुसरं ६० चं, त्यात ३००. पहिलं मिलिग्रॅमला ३० सेंट पडतं, दुसरं २०. ३०० मिलिग्रॅममध्ये २.५ चे १२० डोस होतात. तरी पहिल्या वेळी त्यांनी लहानच घ्यावी, कारण औषध सोसलं नाही तर स्वस्त बाटलीही वाया जाते. नव्या रुग्णाची आणि वयोवृद्धांची सवलत बहुतेक दुकानं देतात, पण विचारल्याशिवाय देत नाहीत. या राज्यात रुग्णाला विक्रीकर लागत नाही. मात्र एचएसए आणि एफएसए या वैद्यकीय खर्चाच्या करमुक्त खात्यांचे पैसे इथे वापरता येत नाहीत, आणि केंद्रीय करविवरणात वैद्यकीय खर्च म्हणून वजावटही मिळत नाही. बाटली यजमानांनी मूळ पाकिटातच, आपल्या नावाच्या लेबलसह, स्वतःच्या कुलपात ठेवावी.

पैसे वाचवायला नदीपलीकडे न्यू जर्सीत जाऊ नका. तिथे २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरील कुणालाही दुकानातून घेता येतं, पण ते डेलावेअर नदी ओलांडून इकडे आणणं हा केंद्रीय गुन्हा आहे. पेट्रोल पंपावरची 'डेल्टा-८'ची, म्हणजे टीएचसीसारखीच नशा आणणाऱ्या पदार्थाची, पाकिटंही नकोत. त्यात आत काय आहे, याची राज्याच्या दुकानांसारखी तपासणी नसते, आणि केमोच्या रुग्णावर असला प्रयोग करायचा नाही.

यजमानांनी गाडी चालवणं थांबवावं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात टीएचसी किंवा त्याचे अवशेष रक्तात सापडले की डीयूआय, म्हणजे नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा, लागतो, कार्ड असलं तरी. हे अवशेष नशा उतरल्यावरही बरेच दिवस राहतात, म्हणजे काल रात्रीच्या गोळीवर आज सकाळी त्रास होऊ शकतो.

पुण्याला औषध नेऊ नका, तेलाचा एक थेंबही नाही. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गांजा बाळगणं गुन्हा आहे. १ किलोपर्यंतचं प्रमाण 'अल्प' धरतात आणि त्यालाही १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. टीएचसीचं नाव त्याच कायद्याच्या मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून ड्रोनॅबिनॉलसुद्धा सामानात टाकू नका. पेनसिल्व्हेनियाचं कार्ड मुंबई विमानतळावर दाखवून काही होणार नाही. इ-सिगारेटवर भारतात २०१९ पासूनच बंदी आहे, त्यामुळे व्हेप पेनही नको. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल, तर तिथले कायदे आणखी कडक आहेत. निघण्याच्या महिनाभर आधी ऑन्कॉलॉजिस्टकडून प्रवासासाठी नेहमीच्या मळमळीच्या गोळ्या आणि टाइप केलेलं पत्र घ्या. घरी कुणी आयुर्वेदातल्या 'विजया'ची, म्हणजे भांगेच्या पानांची औषधं सुचवेल. ती परतीच्या बॅगेत ठेवू नका. तुमच्याच नव्हे, यजमानांच्या बॅगेतही नाही, कारण कस्टम्सच्या रांगेत बॅग कुणाची हा प्रश्न तुम्हा दोघांना विचारला जाईल.

सोमवारी सकाळी पहिला फोन पॅलिएटिव्ह केअरला करा आणि ड्रोनॅबिनॉलचं विचारा. कार्डाचं प्रोफाइल यजमान त्याच संध्याकाळी उघडू शकतात, त्याला पैसे लागत नाहीत.